८,००० व्होल्टचा झटका, २३० व्होल्टचा घात

हरभरा घाट्यावर आला की विदर्भातल्या पेपरात ती बातमी येतेच: कुंपणात थेट लाईनवरून सोडलेल्या करंटनं शेतकऱ्याचा मृत्यू. तार लावलेली असते रानडुकरांसाठी, आणि सापडतो पहाटे ओलिताला निघालेला माणूस. कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटका सोडणारं बॅटरीवरचं यंत्रही मिळतं, त्याला झटका मशीन म्हणतात. गावात एकानं मला विचारलं, "झटका मशीनचे आठ हजार व्होल्ट, घरची लाईन दोनशे तीसची. मंग लाईनच कशी काय मारते?"

व्होल्ट म्हणजे दाब. जीव जातो तो अंगातून किती करंट गेला आणि किती वेळ गेला, यावर. ओल्या हातापायांनी उभ्या माणसाचा रोध साधारण १,००० ओहम धरा. २३० भागिले १,०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, म्हणजेच २३० मिलिअँपिअर. इकडे १०-१५ मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि मूठ तारेवर आवळली जाते. लाईनचा करंट सेकंदाला ५० वेळा हेलकावतो, त्यामुळे स्नायूला सैल पडायला उसंतच नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात एक नाजूक क्षण असतो. करंट सलग चालू असला की तो क्षण सापडतोच, मग हृदय रक्त ढकलायचं सोडून नुसतं थरथरतं. फ्यूज उडेल म्हणाल, तर ५ अँपिअरच्या फ्यूजला ०.२३ अँपिअर जाणवतही नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारी आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाईन तोडणारा स्विच, लागते.

आता मशीन बघा. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, बॅटरीवर सेकंदभर भरत राहतो आणि एका दमात ट्रान्सफॉर्मरमधून तारेत रिता होतो. टक्! धुऱ्यावर उभं राहिलं तर ऐकू येतं. हा ठोका बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागातच संपतो. पुढचा सेकंदभर तार थंड, तेवढ्यात डुक्कर काय, माणूसही मागे सरतो. आंतरराष्ट्रीय मानकानं एका ठोक्याला ५ जूलची (जूल म्हणजे ऊर्जेचं माप) मर्यादा घातली आहे. लाईनवर चिकटलेल्या माणसात मात्र २३० गुणिले ०.२३, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ५३ जूल उतरत राहतात. उंचावरून अंगावर पडलेलं तांब्याभर पाणी आणि कालव्याचा लोंढा, इतका तो फरक आहे.

करंट लागलेल्याला मातीत पुरलं की करंट उतरतो, असं अजून सांगतात. हे साफ खोटं आहे. शरीरात करंट साठून राहत नाही. आधी लाईन बंद करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन लावायला सांगा. मातीत घालवलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

मशीनच्या तारेला साधा मल्टिमीटर लावू नका, तो ६०० किंवा १,००० व्होल्टपुरताच बनवलेला असतो. कुंपणाचा वेगळा टेस्टर मिळतो. त्याची सळी जमिनीत खुपसायची, टोक तारेला टेकवायचं.

"मशीन झटकाच देत नाही" म्हणून लोक लाईनचा आकडा टाकतात, तेव्हा दोष बहुतेकदा अर्थिंगचा असतो. ठोक्याला जनावराच्या पायातून, मातीतून मशीनकडे परतावं लागतं. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की ती वाटच तुटते. एकाऐवजी तीन सळ्या खोल ठोका, अंतर ठेवून, आणि बुडाशी बादलीभर पाणी ओतून पुन्हा टेस्टर लावून बघा.