स्किमरची बास्केट आणि पंपाची बास्केट: पालापाचोळा नेमका कुठे अडायला हवा?

अलिबाग, कर्जत किंवा उत्तर गोव्यातल्या एखाद्या बंगल्यात स्विमिंग पूलचं पाणी हिरवट दिसायला लागलं की पहिला प्रश्न येतो, "बास्केट साफ केली का?" केअरटेकर म्हणतो, "रोज करतो." तो खरंच बोलत असतो. गोंधळ इतकाच की बास्केट दोन असतात आणि नाव दोघींचं एकच. विचारणाऱ्याच्या मनात एक असते, सांगणाऱ्याच्या मनात दुसरी.

पहिली स्किमरची. पूलच्या भिंतीत पाण्याच्या पातळीवर जे चौकोनी तोंड दिसतं तो स्किमर, आणि त्याच्या आत जाळीची बादली बसवलेली असते. पंप पाणी ओढतो तेव्हा वरचा पातळ थर इथून आत जातो आणि तरंगती पानं बादलीत पडतात. तोंडाशी एक हलती फळी असते, तिच्याकडे फार कुणी बघत नाही. पंप चालू असताना ती आत झुकते, बंद झाला की उभी राहून वाट अडवते. ही फळी तुटलेली असेल तर दिवसभर गोळा झालेली पानं रात्री पंप बंद झाल्यावर निवांत तरंगत पुन्हा पूलमध्ये येतात. सकाळी बास्केट रिकामी आणि पाणी पानांनी भरलेलं दिसलं, तर आधी ही फळी बघा.

दुसरी पंपाची. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक झाकणाचं भांडं असतं, त्याच्या आतली जाळी ती. तिचं काम पूल स्वच्छ ठेवणं नाही, पंपाच्या आत फिरणारा इम्पेलर वाचवणं आहे. स्किमरमधून निसटलेला काटकीचा तुकडा, केस, बी इथे थांबावं एवढीच तिच्याकडून अपेक्षा. म्हणून ती लहान असते. पालापाचोळा अडवायची सगळी जबाबदारी तिच्यावर टाकली की ती तासाभरातही गच्च होऊ शकते. मग पंपाला पाणी पुरत नाही, झाकणाखाली हवा दिसू लागते, आणि तसाच चालू ठेवला तर कोरड्याने तापून सील जातं.

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती दोन्ही बास्केट एकत्र बघण्याची सवय. स्किमरची भरलेली आणि पंपाची जवळपास रिकामी असेल तर सगळं ठीक. उलट असेल, म्हणजे स्किमरची रिकामी आणि पंपाची पानांनी भरलेली, तर एक शक्यता अशी की स्किमरची जाळी फुटली आहे किंवा नीट बसलेली नाही. दुसरी शक्यता, पानं भिजून तळाशी गेली आणि तळाच्या ड्रेनमधून आली. ती वाट स्किमरला वळसा घालून थेट पंपाकडे जाते. तेव्हा पंपाची जाळी दिवसातून चारदा धुण्यापेक्षा तळाची पानं जाळीच्या काठीने काढा आणि पाण्याची पातळी तपासा. पाणी स्किमरच्या तोंडाच्या साधारण निम्म्यावर हवं. जुलैच्या पावसात ते तोंडाच्या वर चढतं आणि वरचा थर ओढलाच जात नाही. खूप खाली गेलं तर स्किमर हवा ओढतो.

पंपाच्या पुढे असलेल्या वाळूच्या फिल्टरवरचं प्रेशर गेजही हेच सांगतं, फक्त उलट्या भाषेत. काटा नेहमीपेक्षा खाली असेल तर बहुतेक वेळा पंपाच्या आधी काहीतरी अडलंय, म्हणजे बास्केट बघा. स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा 8 ते 10 पीएसआय वर गेला असेल तर फिल्टरची वाळू मळली आहे, म्हणजे बॅकवॉश करा, म्हणजेच पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुवा. काटा खाली असताना बॅकवॉश करत बसणं म्हणजे निव्वळ पाणी वाया घालवणं, आणि एप्रिलमध्ये टँकरचं पाणी विकत घेणाऱ्याला हे पोटतिडकीने सांगावंसं वाटतं.

झाडाप्रमाणे उपायही बदलतो. आंब्याचं किंवा फणसाचं पान कुठलीही बास्केट अडवते. गुलमोहर आणि चिंच यांची इवलीशी पानं, आंब्याचा मोहोर, सुरूच्या सुईसारख्या काड्या मात्र दोन्ही जाळ्यांतून सटकून वाळूत जाऊन बसतात. त्यासाठी स्किमरच्या बास्केटला बारीक विणीचा नायलॉनचा मोजा चढवा. जुना स्टॉकिंगही चालतो. तो लवकर भरतो, म्हणून पानगळीत दिवसातून दोनदा बघावा लागतो. झाड तोडू नका. पाण्यावर आलेल्या फांद्या पावसाळ्याआधी छाटल्या तरी बराच फरक पडतो.

कुठलीही बास्केट काढण्याआधी पंप बंद हवाच. स्किमरची जाळी चालू पंपावर काढली तर तेवढ्या वेळात पानं सरळ पाइपात शिरतात. पंपाचं झाकण उघडण्याआधी, पंप पाण्याच्या पातळीखाली बसवलेला असेल तर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्हही बंद करा, नाहीतर पंपघरात पाणीच पाणी होईल. जाळी फरशीवर आपटून झटकू नका, तडा जातो. झाकण लावताना त्याखालची रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, पुसून घ्या. तिच्याखाली वाळूचा एक कण राहिला तरी पंप हवा ओढतो.

आणि पावसाळ्यात स्किमरचं झाकण काढल्यावर लगेच हात घालू नका. बेडूक तर असतातच, कधी त्यांच्या मागून सापही आलेला असतो. आधी टॉर्च मारून बघा, मग काठीच्या आकड्याने बास्केट वर घ्या.