धनगरी कुत्रं दुसऱ्या घरात रुळत नाही?

‘मेंढरांच्या वाड्यावर वाढलेलं धनगरी कुत्रं दुसऱ्याकडं जगत नाही, अन्नपाणी सोडतं,’ असं माण-खटावपासून जतपर्यंत वर्षानुवर्षं ऐकायला मिळतं.

हा समज हवेतून आलेला नाही. सोडवून आणलेलं कुत्रं पहिले एक-दोन दिवस खरंच भाकरीला तोंड लावत नाही, कॉटखाली बसून राहतं. पण त्यात जुन्या मालकाच्या आठवणीइतकंच भेदरणंही असतं. अनोळखी वास, मिक्सरची घरघर, पायाखाली सटकणारी फरशी! मेंढरांमागं हिंडलेल्या कुत्र्यानं फरशी कुठं बघितलेली असते? (पाणीही पीत नसेल तर मात्र वाट न बघता जनावरांचा डॉक्टर गाठा.) वयात आलेली कुत्रीही नव्या माणसांना जीव लावतात, बुजऱ्यांना आठवडे, कधी महिने लागतात, इतकंच.

पडताळायचं असेल तर कुत्रं घरी नेण्याआधी त्याला तीन-चारदा भेटा. अंगावर वाकू नका, डोळ्यांत बघू नका. बाजूला जमिनीवर बसा आणि भाकरीचा तुकडा टाका. आधी ते तुमची पाठ फिरल्यावर खाईल. मग तुमच्यासमोर खाऊ लागलं, शेपटी पायांतून सुटली, की समजा गाडी रुळावर येतेय.

‘असं कुत्रं पाळायला रान मोठं असलं की झालं’ हेही अर्धंच खरं. आपल्याकडची ही कुत्री मुख्यतः लांडग्यापासून कळप राखणारी, कान कायम टवकारलेले. उसाच्या ट्रॉल्या टेप वाजवत जातात त्या रस्त्याकडेच्या पाच एकरांपेक्षा, रोज दोन वेळा फिरवून आणणारं शांत दोन खोल्यांचं घर मी केव्हाही निवडेन.