ॲडमिशन मिळाली म्हणजे सामावून घेतलं असं होत नाही

अपंग मुलाला साध्या शाळेत ॲडमिशन मिळाली की सगळ्यांना वाटतं झालं काम, आता ते चारचौघांसारखं शिकणार. पण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की नुकसान त्या मुलाचंच होतं. एकात्मिक शिक्षणात मूल वर्गात येतं पण वर्ग आहे तसाच राहतो, जमवून घ्यायचं ते मुलाने. समावेशक शिक्षणात शाळा बदलते, म्हणजे शिकवायची पद्धत, पुस्तकं, परीक्षा, इमारत सगळंच.

लांबून बघितलं तर फरक कळत नाही, दोन्हीकडे मूल बाकावर बसलेलं असतं, हजेरी लागते, ग्रुप फोटोतही असतं. जरा गणिताच्या तासाला जाऊन बसा. टीचर बोर्डवर उदाहरण सोडवतायत आणि तोंडाने म्हणतायत "हे इकडे घेतलं, यातून हे गेलं, राहिलं किती?" आता ज्या मुलीला बोर्ड दिसतच नाही तिला यातलं काय कळणार? त्याच टीचर "दोन एक्स अधिक पाच बरोबर अकरा, पाच पलीकडे नेले की वजा पाच" असं वाचत वाचत लिहायला लागल्या तर तीच मुलगी तोंडी उत्तर देईल, आणि याला एक पैसा लागत नाही. तसंच ओठ वाचून समजून घेणारा मुलगा आणि बोर्डकडे तोंड करून बोलणारे सर, तो पहिल्या बाकावर बसूनही वर्गाबाहेरच आहे. मग मार्क कमी पडले की शेरा येतो "झेपत नाही". मला खरा राग येतो तो या शेऱ्याचा, कारण कमी पडलेली असते शाळा आणि ते चढतं मुलाच्या प्रगतीपुस्तकात.

हा फरक कायद्याच्या भाषेतही आलाय. संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला, त्याच्या कलम 24 मध्ये समावेशक शिक्षण आहे, आणि 2016 मध्ये या कराराच्या समितीने स्पष्टच सांगितलं की अभ्यासक्रम आणि शिकवण्यात बदल न करता मुलांना नुसतं साध्या वर्गात आणून बसवणं म्हणजे समावेशन नाही.

आता काहीजण म्हणतात की आधी सहानुभूती हवी, बाकीचं आपोआप होईल. माझं मत थोडं वेगळं आहे. डोळ्यांना पट्टी बांधून दहा मिनिटं चालायला लावतात ना, त्यातून मुलांना कळतं फक्त अचानक आंधळं झाल्याची भीती, आणि मग दया येते. वर्षानुवर्षं पांढरी काठी घेऊन फिरणाऱ्या माणसाचं कौशल्य त्यात कुठेच नसतं. त्यापेक्षा त्या माणसाला वर्गावर शिकवायला बोलवा. करारात तर अपंग शिक्षक नेमा असंही लिहिलंय, आणि ही गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते.

विचारल्याशिवाय भलं करायला गेलं की काय होतं याचं मोठं उदाहरण म्हणजे 1880 ची मिलानची परिषद. कर्णबधिर मुलांच्या शिक्षणावर चर्चा, आणि मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे! ठराव झाला की मुलं समाजात मिसळायला हवीत म्हणून तोंडी बोलूनच शिकवायचं, खुणांची भाषा नको. त्यानंतर कितीतरी देशांत शाळांमधून साइन लँग्वेज गेली, कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या. हे ठराव नाकारून खेद व्यक्त करायला 2010 ची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली.

म्हणूनच सगळ्या मुलांना एकाच खोलीत बसवलं की समावेशन, हेही खरं नाही. साइन लँग्वेजमध्ये बोलणाऱ्या मुलाला आजूबाजूला त्याच भाषेत भांडणारी, चिडवणारी, गुपितं सांगणारी मुलं लागतात, एक दुभाषा देऊन ते भरून निघत नाही, आणि करारातही कर्णबधिरांची भाषिक ओळख जपायला सांगितलंय. अशा मुलासाठी साइन लँग्वेजमध्ये चालणारा वर्ग हाच जास्त समावेशक असू शकतो, आणि तसा तो आहे का हे त्या मुलाला आणि मोठ्या झालेल्या कर्णबधिरांना विचारूनच ठरवायला हवं.