लेपित फिल्टरची सफाई

लेपित फिल्टरची सफाई : कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावायच्या, परावर्तन रोखणारा लेप दिलेल्या फिल्टरवरची धूळ, बोटांचे ठसे, खारे डाग इ. लेपाला धक्का न लावता काढण्याची रीत. छायाचित्रकारांच्या बोलण्यात या लेपाला ‘कोटिंग’ म्हणतात.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग असल्याने हा तोटा ८ टक्क्यांच्या घरात जातो, शिवाय रात्रीच्या चित्रात दिव्यांची भुतं (फिकट जोडप्रतिमा) उमटतात ती वेगळीच. काचेवर मॅग्नेशियम फ्ल्युओराइडचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर दिला, की थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात आणि परावर्तन दीड टक्क्याच्या आत येते. अनेक थरांच्या लेपात ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. जर्मनीतील येना येथील कार्ल झाइस या भिंगे बनवणाऱ्या कंपनीत काम करणारे अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये अशा लेपाचे पेटंट घेतले. सुरुवातीचे लेप मऊ असत आणि पुसताना निघून येत. काच तापवून लेप देऊ लागल्यावर ते टणक झाले. ‘कोटिंगला हात लावू नये’ हा धाक बहुधा त्या जुन्या लेपांपासून चालत आलेला आहे.

लेपित फिल्टर लवकर मळतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. खरे तर तो इतर काचेइतकाच मळतो, पण मळ जास्त दिसतो. बोटाच्या तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचे माप) काचेच्या जवळपास असतो. तेलाचा पापुद्रा लेपावर बसला, की लहरींचा तो हिशेब तेवढ्या जागेपुरता बिघडतो आणि परावर्तन पुन्हा साध्या काचेइतके वाढते. भोवतालची काच जवळजवळ अदृश्य असल्यामुळे ठसा रंगीत होऊन उठून दिसतो. अर्धवट पुसल्यास तेल फक्त पसरते.

लेपाला खरा धोका पुसण्याचा आहे, तोही धुळीसकट पुसण्याचा. धुळीत गारेचे (क्वार्ट्झचे) कण असतात. मोस मापश्रेणीवर गारेची कठिनता ७, तर नेहमीच्या काचेची साडेपाचच्या आसपास. शर्टाचे टोक, ओढणी किंवा खिशातला रुमाल फिरवणे म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच. म्हणून फिल्टर भिंगावरून उतरवून, पालथा धरून आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवतात. चिकटून राहिलेले कण मऊ ब्रशने झटकतात. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे शिंतोडे बसतात. दाबलेल्या हवेचा डबा तिरका धरला तर त्यातला द्रव काचेवर उडतो. धूळ गेल्यावर काच स्वच्छ असेल, तर तिथेच थांबावे.

डाग उरलाच तर लेन्स पेपरवर किंवा धुतलेल्या मायक्रोफायबर फडक्यावर द्रवाचा एखादा थेंब घेऊन मध्यापासून कडेकडे, दाब न देता गोल फिरवत पुसतात. थेंब थेट काचेवर टाकल्यास तो फिल्टरभोवतालच्या कडीच्या खाचेत शिरतो. फडके धुताना फॅब्रिक कंडिशनर वापरला, तर त्याचाच तेलकट पापुद्रा काचेवर येतो.

द्रव डागाप्रमाणे निवडावा लागतो. बोटांच्या तेलाला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. कोकण किनाऱ्यावर लाटांच्या तुषारांनी बसलेले मीठ मात्र त्यात नीट विरघळत नाही. तिथे आधी डिस्टिल्ड वॉटर हवे, नाहीतर मिठाचे स्फटिकच काचेवर घासले जातात. जेजुरीला भंडाऱ्याच्या उधळणीत सापडलेल्या फिल्टरचे उलटे आहे. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. ओल्या फडक्याने भंडाऱ्याचा लगदा होतो, म्हणून तो कोरडाच उडवून मग उरलेला पिवळेपणा अल्कोहोलने काढावा. अॅसिटोन कडीचा रंग आणि प्लॅस्टिक खातो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये.

एकाच काचेचा फिल्टर फारच माखला असेल, तर सौम्य साबणाच्या पाण्याने धुता येतो. शेवटी डिस्टिल्ड वॉटर फिरवले नाही तर नळाच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके राहतात. पोलरायझरला (पाण्या-काचेवरची चमक कमी करणाऱ्या फिल्टरला) ही मोकळीक नाही. त्यात दोन काचांमध्ये पातळ पटल चिकटवलेले असते आणि कडेने द्रव शिरला की थर सुटू लागतात. जिलेटिनच्या फिल्टरला तर पाणी लागताच कामा नये. त्याला फक्त ब्लोअर.

पावसाळ्यात कापडी पिशवीत पडून राहिलेल्या फिल्टरवर बुरशीचे जाळे धरते. ते वरवर असेल तर पुसून जाते. पण बुरशीच्या आम्लाने लेप खाल्ला असेल, तर जाळे गेल्यावरही त्याची नक्षी राहते आणि ती कुठल्याही द्रवाने निघत नाही. असा फिल्टर दिव्यासमोर तिरपा धरला, की लेपाच्या रंगीत झाकेत पडलेली भोके सरळ दिसतात.