ऐच्छिक आंतरराष्ट्रीय उद्योगदायित्व उपक्रम : कंपन्यांच्या सहभागाची कारणे

मानवी हक्क, कामगारांचे हित, पर्यावरण व भ्रष्टाचारविरोध यांविषयीची काही तत्त्वे कायद्याची सक्ती नसताना पाळण्याची हमी कंपन्या ज्या जागतिक व्यवस्थांमध्ये आपण होऊन देतात, त्यांना ऐच्छिक उद्योगदायित्व उपक्रम म्हणतात. संयुक्त राष्ट्रांचा ग्लोबल कॉम्पॅक्ट, रसायन उद्योगातील रिस्पॉन्सिबल केअर, मोठ्या प्रकल्पांना कर्ज देताना त्यांचे सामाजिक व पर्यावरणीय परिणाम तपासण्याची बँकांची इक्वेटर तत्त्वे आणि कापूस उत्पादनातील बेटर कॉटन ही त्यांची परिचित उदाहरणे होत. सक्ती नसताना कंपन्या खर्च आणि टीका का ओढवून घेतात, या प्रश्नाचे उत्तर केवळ मालकांच्या नीतिमत्तेत शोधले तर हाती थोडेच लागते. खरेदीदार, सावकार, शेजारी आणि समव्यावसायिक अशा ज्यांच्यावर कंपनीचा धंदा अवलंबून असतो, त्यांच्या अपेक्षांत ते बहुतांशी सापडते.

सभासदसंख्येने यांतील सर्वांत मोठा उपक्रम ग्लोबल कॉम्पॅक्ट हा आहे. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांनी जानेवारी १९९९ मध्ये दावोस येथे त्याची कल्पना मांडली आणि २६ जुलै २००० रोजी न्यूयॉर्कमध्ये तो सुरू झाला. त्याची तत्त्वे आरंभी नऊ होती. भ्रष्टाचारविरोधाचे दहावे तत्त्व २००४ मध्ये जोडले गेले. कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी सरचिटणीसांच्या नावे पत्र लिहून या तत्त्वांना पाठिंबा कळवतो आणि दरवर्षी प्रगतीचा अहवाल देण्याचे मान्य करतो. पत्रातील शब्द कितपत पाळले जातात हे पाहण्यासाठी कारखान्यात कोणी येत नाही. अहवाल आलाच नाही तर मात्र नाव यादीतून वगळले जाते, आणि अशी हजारो नावे आजवर वगळली गेली आहेत. एवढ्या अल्प अटींवर संयुक्त राष्ट्रांशी नाव जोडता येते, हेच अनेकांच्या सहभागाचे कारण आहे आणि कंपन्या संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या ध्वजाआड दडतात या टीकेचेही.

तरीही ही हमी सर्वांनाच स्वस्त वाटली नाही. स्पेन आणि फ्रान्समधील कंपन्या मोठ्या संख्येने सामील झाल्या, तर अमेरिकी कंपन्या सुरुवातीला मागे राहिल्या, कारण जाहीर वचन उद्या न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहील अशी त्यांच्या वकिलांना धास्ती होती. ती निराधार नव्हती. नायकी कंपनीने आपल्या पुरवठादार कारखान्यांतील कामगारांच्या स्थितीविषयी केलेली विधाने ही व्यापारी स्वरूपाची असून ती खोटी ठरल्यास ग्राहकसंरक्षण कायद्याखाली दाद मागता येईल, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता.

सहभागाचे सर्वांत स्पष्ट कारण रसायन उद्योगात दिसते, आणि त्याचा उगम भोपाळमध्ये आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर युनियन कार्बाइडशी काडीचाही संबंध नसलेल्या कंपन्यांच्या शेजारीपाजारी राहणारे लोकही, आमच्या घरालगतच्या टाक्यांत काय साठवले आहे, असे विचारू लागले. एका कारखान्यातील अपघाताने साऱ्या उद्योगाची पत जाते, हे तेव्हा कळून चुकले. कॅनडातील रसायन उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये रिस्पॉन्सिबल केअर सुरू केले आणि १९८८ मध्ये अमेरिकी संघटनेने ते सभासदत्वाची अट म्हणून स्वीकारले. भारतात मुंबईस्थित इंडियन केमिकल कौन्सिल ते राबवते. गेलेला विश्वास परत मिळवावा आणि सरकारने कडक कायदा करण्याआधी आपणच नियम घालून घ्यावेत, असे दोन्ही हेतू त्यामागे होते.

पण पत सामाईक असली की तिचा लाभ काहीही न करणाऱ्यालाही मिळतो. अँड्र्यू किंग आणि मायकेल लेनॉक्स यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रिस्पॉन्सिबल केअरच्या अमेरिकी सभासद कंपन्यांची प्रदूषणातील सुधारणा बिगरसभासदांपेक्षा मंद असल्याचे आढळले. वाईट कामगिरी असलेल्यांनाच चांगल्या नावाची गरज अधिक असते आणि हयगय केली तरी शिक्षा नसते, असा त्याचा अर्थ लागतो. पुढे अमेरिकी संघटनेने त्रयस्थ तपासणी बंधनकारक केली.

उपक्रमांची निवडही बोलकी असते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून तयार कपड्यांच्या कारखान्यांतील अकराशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर कामगार संघटनांसह झालेला कारखान्यांच्या सुरक्षिततेचा 'अकॉर्ड' हा करार कायद्याने बंधनकारक होता आणि त्यावर बहुतांश युरोपीय अशा दोनशेहून अधिक ब्रँडनी सह्या केल्या. वॉलमार्ट व गॅप यांसारख्या अमेरिकी कंपन्यांनी मात्र 'अलायन्स' ही आपली वेगळी व्यवस्था उभारली. दुर्घटना एकच आणि बाजारातील दडपणही सारखेच, तरी न्यायालयात खेचले जाण्याची भीती ज्यांना अधिक होती त्यांनी सैल बंधन पसंत केले.

पुरवठासाखळीच्या खालच्या टोकाला 'ऐच्छिक' हे विशेषण बरेच पातळ होते. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादक बेटर कॉटनच्या गटात येतो, तेव्हा त्याला कोणत्या कीटकनाशकाची फवारणी कधी व किती केली याची नोंद ठेवावी लागते. फवारणीच्या वेळी अंगाचे संरक्षण आणि बालमजुरी टाळणे हेही त्यात येते. त्यातून खर्च वाचतो आणि सल्ला मिळतो, हे त्याचे कारण. जिनिंग आणि सूतगिरणीचे कारण मात्र परदेशी ब्रँडची मागणी हे असते. या योजनेत कापूस वेगळा न ठेवता केवळ प्रमाण जुळवण्याच्या हिशेबालाही मान्यता आहे, त्यामुळे ब्रँडने जेवढ्या कापसाचा दावा केला तेवढा कुठेतरी पिकलेला असतो, पण तोच त्या सदऱ्यात असेल असे नाही.

बँकांच्या बाबतीत हिशेब थेट जोखमीचा आहे: धरण वा खाण स्थानिकांच्या विरोधाने अडली की कर्जही अडकते. दहा बँकांनी २००३ मध्ये इक्वेटर तत्त्वे स्वीकारली ती या जाणिवेतून.

स्वयंघोषित नियमांमुळे कायदा टळतो, ही अपेक्षा फार टिकलेली नाही. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर पुरवठासाखळीतील दक्षतेचे बंधन घातले. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. त्यामुळे अनेक कंपन्या आता अशा उपक्रमांकडे येऊ घातलेल्या कायद्याची पूर्वतयारी म्हणून पाहतात. युरोपीय संघाच्या २०२४ च्या दक्षताविषयक निर्देशानेही अशा उपक्रमांचे साहाय्य घेण्यास मुभा दिली आहे, मात्र उपक्रमात सहभागी असल्याच्या कारणावरून कोणत्याही कंपनीला नुकसानभरपाईच्या दायित्वातून सूट मिळत नाही.