कोर्ट बांधलं, कायदा छापला, पुढं काय?

दुसऱ्या देशात जाऊन 'कायद्याचं राज्य' आणायचं म्हणजे नेमकं काय करतात, हा विषय अफगाणिस्तानमुळे कानावर येतो, पण मुळं साठच्या दशकातली आहेत. तेव्हा अमेरिकेची सरकारी मदत संस्था आणि फोर्ड फाउंडेशन ही तिथलीच खासगी देणगी संस्था यांनी ब्राझील, चिलीकडची लॉ कॉलेजं सुधारायला घेतली. हिशोब सोपा, वकील आमच्यासारखे शिकले की कायदा सुधारणार आणि मागोमाग लोकशाही येणार. ब्राझीलमध्ये १९६४ ला लष्करच सत्तेवर बसलं आणि चांगले वकील काय, लष्करालाही हवेच होते की! अमेरिकन कायदा-अभ्यासक डेव्हिड ट्रुबेक तेव्हा तिथंच त्या मदत संस्थेत होते, दुसरे अमेरिकन अभ्यासक मार्क गॅलंटर यांचा अभ्यास आपल्या भारतातल्या कोर्टांवर, या दोघांनी १९७४ ला लेख लिहून सरळ कबूल केलं की आमची गृहीतकंच चुकली होती. अशी कबुली या धंद्यात फार कमी जण देतात.

मग ऐंशीच्या दशकात मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर. डिसेंबर १९८० मध्ये तिथल्या नॅशनल गार्ड या सरकारी सुरक्षा दलाच्या जवानांनी चार अमेरिकन मिशनरी बायकांना मारलं, केस रखडली, शेवटी अमेरिकन काँग्रेसनं लष्करी मदतीचा काही भाग निकाल लागेपर्यंत अडवला आणि १९८४ ला पाच जवानांना शिक्षा झाली. त्याच सुमारास तिथली न्यायव्यवस्था सुधारायला अमेरिकेचा पैसा सुरू झाला. म्हणजे बघा, एका हातानं त्याच सरकारच्या लष्कराला पैसा आणि दुसऱ्या हातानं कोर्टाला.

सोव्हिएत युनियन कोसळल्यावर तर हे काम सगळीकडेच सुरू झालं, वर्ल्ड बँकही उतरली. थॉमस कॅरोदर्स, जे आधी अमेरिकन परराष्ट्र खात्यात वकील होते, ते म्हणायला लागले की एवढं करतोय पण नक्की कशानं फरक पडतो हे आपल्याला फारसं माहीतच नाही. खरंय, किती जज ट्रेन केले, किती इमारती झाल्या हे मोजता येतं, कोर्टात आलेल्या माणसाला काय मिळालं हे मोजणार कोण?

अफगाणिस्तानात तेच झालं. तालिबानची सत्ता गेल्यावर २००२ मध्ये मदत करणाऱ्या देशांनी कामं वाटून घेतली, पोलीस जर्मनीकडे, न्याय इटलीकडे. २००४ चा फौजदारी प्रक्रियेचा तात्पुरता कायदा इटालियन तज्ज्ञांनी लिहिला आणि अफगाण वकील तक्रार करत राहिले की आम्हाला धड विचारलंच नाही. इकडे गावात जमिनीचं भांडण असेल तर सरकारी कोर्टात चकरा आणि लाच, तालिबानचा काझी मात्र फुकटात आणि लवकर निकाल द्यायचा, कडक का असेना. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात नवल वाटायला नको.

ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं तेव्हा देशात दोनशेहून जास्त महिला जज होत्या. तालिबाननं तुरुंग उघडले, आणि ज्यांना या बायकांनी शिक्षा सुनावली होती तेच बाहेर येऊन त्यांना शोधायला लागले.