ठाण्याची खाडी हिरवी का होतेय?

भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल आला की महाराष्ट्रात कांदळवनं वाढल्याची बातमी येते. २०१५च्या अहवालात राज्यातलं कांदळवन २२२ चौरस किलोमीटर होतं, २०१९च्या अहवालात ते ३२० झालं. मग समाजमाध्यमांवर दोन तट पडतात. एक म्हणतो, निसर्ग वाचला. दुसरा म्हणतो, समुद्र आपली जागा परत घेतोय. मला दोन्ही पटत नाहीत. निदान ठाण्याच्या खाडीत जे घडतंय त्यात ना कुणाचा विजय आहे, ना कुणाचा सूड. तिथे गाळ साचतोय, आणि तो साचायला शहराचा मोठा हातभार आहे.

लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ साली गेला. त्यामुळे मुंबईची पन्नास वर्षांची चित्रं आज कुणालाही फुकट पाहता येतात. हिरवी पानं अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित करतात, म्हणून विशिष्ट रंगसंगतीत झाडी लालभडक दिसते आणि पाणी काळं. जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवलं की विक्रोळी, भांडुप, ऐरोलीच्या काठाने ही लाल किनार रुंद होत गेलेली दिसते आणि मधला काळा पट्टा अरुंद. याचं काही श्रेय कायद्याला द्यायलाच हवं. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तोडीला लगाम घातला आणि २०१२पासून राज्याचा कांदळवन कक्ष काम करतोय. पण कायदा आहे ती झाडं राखतो. पाण्याच्या जागी नवी झाडं उगवतात, कारण तिथे जमीन तयार झालेली असते.

उपग्रहाची एक मर्यादा आहे आणि ती फार रंजक आहे. लँडसॅट मुंबईवरून जातो तो सकाळी अकराच्या सुमारास, नेहमीच. भरती मात्र तिथीप्रमाणे सरकते. आपले कोळी तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला उपग्रह येतो तेव्हा खाडी भरलेली असते. अष्टमीच्या सुमारास ओहोटी असते, पण ती भांगाची, पाणी फार खाली न जाणारी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची खरी खोल ओहोटी पहाटे-संध्याकाळी येते, त्यामुळे तेव्हा उघडा पडणारा चिखल या उपग्रहाला सहसा दिसतच नाही. (तिथी इथे चालते, कारण ती चंद्र आणि सूर्य यांच्यातला कोन सांगते.)

आता गाळाकडे येऊ. चिखलातला बारीक कण साधारण दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. स्थिर पाण्यात असा एकटा कण एक मीटर खाली जायला तीन दिवसांहून जास्त घेतो. खाडीतलं पाणी तर सहा-सहा तासांनी दिशा बदलतं. मग तो तळाला बसतो कसा? उत्तर मिठात आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना ढकलतात. खाऱ्या पाण्यातले धन आयन हा भार झाकून टाकतात, कण चिकटतात आणि त्यांचे पुंजके होतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की जे होतं, तेच इथे किलोमीटरच्या मापाने चालतं. असा पुंजका मीटरभर अंतर तासाभराच्या आत उतरू शकतो. भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं तेवढा वेळ त्याला काठाच्या उथळ पाण्यात पुरतो.

ओहोटी तो परत का नेत नाही? कारण एकदा बसलेला चिखल घट्ट धरतो. तो उचलायला लागणारा प्रवाह, तो बसला तेव्हाच्या प्रवाहापेक्षा बराच जोरकस असावा लागतो.

माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग पुढे आहे. भरती ही एक लांबलचक लाट. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. भरतीचा माथा खोल पाण्यातून धावतो, ओहोटीचा तळ उथळ पाण्यातून रेंगाळतो. त्यामुळे उथळ खाडीच्या आत पाणी चढायला कमी वेळ घेतं आणि उतरायला जास्त. चढता प्रवाह वेगवान, उतरता मंद. परिणामी गाळ आत जास्त येतो आणि बाहेर कमी जातो. याला उतारा काठांवरच असतो. काठाला रुंद खाजणं, म्हणजे भरतीत बुडणारी सपाट जमीन, असेल तर भरतीचा माथा त्यांच्यावर पसरतो आणि मंदावतो. मग पाणी मधल्या पात्रातून जोरात उतरतं आणि गाळ घेऊन जातं. थोडक्यात, खाजणं ही खाडीची गाळ उपसणारी यंत्रणा आहे.

आपण नेमकी तीच तोडली. आधी मिठागरांचे बांध आले. मग दोन्ही काठांवर भराव पडले, महामार्ग झाले, १९७०नंतर पूर्वेला नवी मुंबई उभी राहिली, पुलांचे खांब पात्रात उतरले. आत-बाहेर करणारं पाणी घटलं, प्रवाह मंदावला. त्याच काळात पारसिकच्या डोंगरातल्या खाणी, बांधकामांची माती आणि नाल्यांतलं सांडपाणी यांनी गाळाचा पुरवठा वाढवला. चिखल पुरेसा वर आला की तिवर हे कांदळवनातलं झाड रुजतं. त्याची श्वसनमुळं चिखलातून बोटभर वर आलेली असतात, एका झाडाभोवती शेकड्यांनी. त्या दाटीत पाणी आणखी मंदावतं, आणखी गाळ बसतो, आणि पुढच्या चिखलावर पुढचं तिवर येतं.

रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवेही याच साखळीतले. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद शेवाळाला मिळतं, शेवाळ रोहितांना. २०१५ साली इथे अभयारण्य झालं, २०२२ साली खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच काठावरच्या कोळ्यांना विचारा. पूर्वी होडी कधीही निघायची, आता भरतीची वाट पाहावी लागते.

शहर खाडीला आकार देतं, तशी खाडीही शहराला देते. तळ उचलला की नाल्यांच्या तोंडाशी पाणी अडतं. नवी मुंबईत याचं ठळक उदाहरण आहे. समुद्रसपाटीलगतच्या या शहरात भरतीच्या वेळी पडणारा पाऊस साठवायला झडपा असलेले धारण तलाव बांधले गेले. त्यांतही गाळ भरला, गाळावर कांदळवन आलं, आणि आता गाळ काढायचा तर संरक्षित झाडं तोडावी लागतात, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते.

म्हणून हिरवा आकडा एकट्याने जाहीर करू नये. त्याच्या शेजारी खाडीची खोलीही छापावी, आणि ती होडीतून सोडलेल्या आवाजाचा तळावरून येणारा प्रतिध्वनी मोजूनच मिळेल. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे २५६ एकर मिठागरं धारावीच्या पुनर्वसनाला देण्याचा निर्णय घेतला. महामार्गामुळे तिथे आता भरतीचं पाणी पोचतच नाही, असा त्याच्या समर्थनाचा युक्तिवाद आहे. पाणी पोचत नाही, ते रस्त्याने अडवलं म्हणून. बांधकाम करण्याआधी रस्त्याखाली मोऱ्या काढून ते पुन्हा आत घेता येईल का, किती घेता येईल आणि त्याने मुख्य पात्राचा प्रवाह किती वाढेल, हे गणित मांडता येण्यासारखं आहे. भराव पडल्यावर मात्र ते मांडून उपयोग नाही.